बसला तिचा रस्ता द्या

१ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नाशिकच्या २,०९२ कोटी रुपये खर्चाच्या मेट्रोसाठी केंद्राचा वाटा जाहीर केला. शहरात आनंद झाला आणि तो स्वाभाविक होता. संध्याकाळी द्वारका चौकात अडकून पडणाऱ्या माणसाला मेट्रो म्हणजे सुटका वाटणारच. मात्र आराखड्यात जे वाहन होते, ते रुळांवरून धावणारे नव्हते. रबरी टायर, स्टिअरिंग, चालक आणि टपावर विजेच्या दोन तारा असलेली ती बस होती. लांबी १८ किंवा २५ मीटर, आणि तिचे दोन-तीन भाग हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्यांनी एकमेकांना जोडलेले. तारांवर चालणारी बस महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत बेस्टने १९६२ ते १९७१ या काळात ट्रॉलीबस चालवली होती.

या योजनेचे नाव मेट्रो निओ. गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका असे दोन मुख्य मार्ग, मिळून सुमारे ३३ किलोमीटर. मुख्य मार्ग बहुतांश खांबांवरून जाणारे आणि त्यांना जोडणारे पूरक मार्ग सध्याच्याच रस्त्यांवरून. त्यानंतरच्या वर्षांत फाइल मुंबई आणि दिल्लीत फिरत राहिली, शहर वाट पाहत राहिले. दरम्यान, ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली. ती आजही इतर सगळ्या वाहनांच्या गर्दीत, स्वतःची वीतभरही जागा नसताना धावते आहे.

मोठ्या क्षमतेची बस हे नाशिकसारख्या शहरासाठी योग्य वाहन आहे, असे मला मनापासून वाटते. लाइट रेलपेक्षाही योग्य. पण तिला खांबांवर चढवण्याचा विचार चुकीचा आहे. त्या खांबांवर होणारा खर्च प्रवाशांसाठी नाही. खालचा रस्ता मोटारींसाठी जसाच्या तसा मोकळा राहावा, यासाठी तो खर्च आहे.

केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने मध्यम शहरांसाठी दोन पर्यायांचे निकष ठरवले आहेत. २०१९ चे मेट्रोलाइट म्हणजे लाइट रेल, रस्त्याच्या पातळीवरून जाऊ शकणारी हलकी रेल्वे. गर्दीच्या तासाला एका दिशेने १५,००० पर्यंत प्रवासी असतील तिथे ती योग्य मानली आहे. २०२० चे मेट्रो निओ म्हणजे जोडबस, ८,००० पर्यंतच्या गर्दीसाठी. सरकारच्याच अंदाजानुसार मेट्रोलाइटला पूर्ण मेट्रोच्या ४० टक्क्यांच्या आसपास खर्च येतो आणि मेट्रो निओला २० ते २५ टक्के. पुणे मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गिकांना २०१६ साली मंजुरी मिळाली, तेव्हा सुमारे ३१ किलोमीटरसाठी ११,४२० कोटी रुपये धरले होते. नाशिकची निओ जवळपास तेवढ्याच लांबीसाठी त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास येते. पैशाच्या बाजूने बस जिंकलेलीच आहे. शंका उरते ती क्षमतेची: एवढी माणसे बसने खरोखर नेता येतात का?

हिशेब साधा आहे. बारा मीटरच्या नेहमीच्या बसमध्ये गर्दीच्या वेळी सत्तर माणसे मावतात असे धरू. दर दोन मिनिटांनी एक बस सोडली, तर तासाला २,१०० माणसे जातात. अठरा मीटरच्या जोडबसमध्ये १२० माणसे धरली आणि दर मिनिटाला एक बस सोडली, तर ७,२००. पंचवीस मीटरच्या बसमध्ये २०० माणसे धरली, तर तेवढ्याच बसमधून १२,०००. चौकांतून जाणाऱ्या लाइट रेलची गाडी ४०० माणसे घेऊन दर तीन मिनिटांनी धावली, तर ८,०००. म्हणजे गर्दीच्या तासाला सात-आठ हजारांपर्यंतची मागणी असलेल्या रस्त्यावर रूळ आणि टायर यांत क्षमतेचा निर्णायक फरक नाही. फरक आहे तो त्या बसला दर मिनिटाला सुटता येण्यात, आणि सुटल्यावर पुढे सरकता येण्यात.

बसचा वेळ जातो कुठे, याकडे आपल्याकडे कुणी नीट पाहत नाही, म्हणून या मुद्द्यावर जरा थांबतो. बस धावताना वेळ घालवत नाही, उभी असताना घालवते. सिग्नलला उभी, कोंडीत उभी आणि थांब्यावर उभी. वीस माणसे एका दारातून, दोन उंच पायऱ्या चढून आत येणार असतील आणि प्रत्येकाला तीन सेकंद लागणार असतील, तर एका थांब्यावर एक मिनिट गेले. त्यात उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची दारात रेटारेटी. तीच वीस माणसे बसच्या तळाच्या पातळीवरच्या फलाटावर उभी असतील, तिकीट आधीच काढलेले असेल आणि चार रुंद दारे एकदम उघडत असतील, तर पाच-सात सेकंदांत बस हलते. वीस थांब्यांच्या मार्गावर यातून पंधरा मिनिटांहून अधिक वेळ वाचतो. तोच चालक आणि तेवढ्याच बस घेऊन मग दिवसाला जास्त फेऱ्या होतात. मोठ्या बसची खरी क्षमता तिच्या लांबीत कमी आणि दारांत, फलाटात व तिकिटाच्या पद्धतीत जास्त असते.

हे ज्या शहराने आधी ओळखले, ते ब्राझीलमधले कुरितिबा. वास्तुविशारद जैमी लेर्नर १९७१ साली तिथे महापौर झाले. १९७४ मध्ये बससाठी राखीव रस्ते सुरू झाले. शहराचे मुख्य अक्ष त्यांनी तीन समांतर रस्त्यांत मांडले. मधल्या रस्त्यावर दोन्ही दिशांच्या बस व शेजारी हळू जाणारी वाहने, आणि दोन्ही बाजूंना एकेक गल्ली सोडून जलद वाहनांचे एकेरी रस्ते. उंच इमारतींना परवानगी याच अक्षांच्या काठाने दिली. म्हणजे जिथे बस आहे तिथे माणसे राहायला येतील, अशी व्यवस्था केली. १९९१ मध्ये काचेच्या नळीसारखे थांबे आले. आत शिरतानाच पैसे भरायचे आणि बसच्या पातळीवरच उभे राहायचे. १९९२ मध्ये तीन भागांची, दोन सांध्यांची व्होल्वो बस आली, अडीचशेहून अधिक प्रवासी नेणारी. या साखळीत बसचा नंबर सर्वांत शेवटी लागला, हे ध्यानात घ्यायला हवे. आधी रस्ता, मग इमारतींचे नियम, मग थांबा आणि मग मोठी बस. आपल्याकडे चर्चा नेमकी उलट्या टोकाने सुरू होते. आधी बसचे चित्र छापून येते, आणि ती कुठून जाणार याचे उत्तर मागाहून शोधले जाते.

कुरितिबाने वाट दाखवली आणि कोलंबियाच्या बोगोताने ती किती दूर जाते ते दाखवले. महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या काळात, डिसेंबर २००० मध्ये तिथे ट्रान्समिलेनिओ सुरू झाली. थांब्यापाशी प्रत्येक दिशेला दोन मार्गिका ठेवल्या, त्यामुळे मागची जलद बस उभ्या बसला ओलांडून पुढे जाऊ शकते. एवढ्या एका युक्तीने तासाला एका दिशेने चाळीस हजारांहून अधिक माणसे नेणे शक्य झाले. जगातल्या बहुतेक लाइट रेल या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत.

पण बोगोताचे नाव घेताना पुढचेही सांगायला हवे, नाहीतर ती बाजू अर्धीच मांडली जाते. यश मिळाल्यावर शहराने पुढचे टप्पे रेंगाळत ठेवले आणि एकाच जाळ्यावर बोजा वाढत गेला. दारात उभे राहायला जागा नाही इतकी गर्दी झाली. २०१२ मध्ये संतापलेल्या लोकांनी थांबे फोडले. राखीव मार्गिकांचे काँक्रीट काही वर्षांतच तडकले, कारण खालच्या थराचे काम सदोष होते. त्याच्या दुरुस्तीवर शहराला प्रचंड पैसा ओतावा लागला. जड बस एकाच रेषेत, एकाच चाकोरीतून दिवसभर धावते आणि थांब्यापाशी ब्रेक लावते. तिथे साधे डांबर टिकतच नाही. आज बोगोतात पहिल्या मेट्रो मार्गाचे काम चालू आहे. काहींना हा बसचा पराभव वाटतो. मला तसे वाटत नाही. वीस वर्षे बसने शहर चालवले, लाखो माणसांना रोज कामावर पोहोचवले, आणि जिथे तिची मर्यादा ओलांडली गेली तिथे मेट्रो येते आहे. हा क्रम शहाणपणाचाच आहे. ज्या शहरात तासाला आठ हजारांची मागणी सिद्ध व्हायची आहे, त्याने चाळीस हजारांच्या भीतीने बस नाकारू नये.

माझ्या बाजूच्या विरोधात सर्वांत जोरकस दाखला कॅनडातल्या ओटावाचा आहे. त्या शहराने १९८३ पासून बससाठी स्वतंत्र रस्त्यांचे जाळे बांधले. उत्तर अमेरिकेत ते आदर्श मानले जाई. उपनगरांतून बस वेगाने येत, पण शहराच्या मध्यभागी अल्बर्ट आणि स्लेटर या दोन रस्त्यांवर पोहोचल्या की एकामागे एक खोळंबत. तिथे राखीव मार्गिका होत्या, तरी चौक आणि सिग्नल इतरांचेच होते. बस वाढवल्या की रांग वाढे. शेवटी शहराने रूळ निवडले. साडेबारा किलोमीटरचा पहिला टप्पा, त्यातला सुमारे अडीच किलोमीटरचा भाग मध्यवस्तीखालून बोगद्यातून, खर्च दोन अब्ज कॅनेडियन डॉलरहून अधिक. सप्टेंबर २०१९ मध्ये गाडी सुरू झाली. पुढच्या दोन वर्षांत दारे अडकली, चाके झिजली, थंडीत सेवा कोलमडली, आणि २०२१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गाडी दोनदा रुळांवरून घसरली. सार्वजनिक चौकशी झाली आणि नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात न्यायमूर्ती विल्यम हूरिगन यांनी महापालिका आणि बांधकाम करणारा समूह, दोघांवरही कडक ठपका ठेवला.

त्या घसरणींवरून लाइट रेल वाईट ठरवणे अन्यायाचे होईल. वाईट रीतीने केलेले कोणतेही काम वाईटच होते. ओटावाकडून मी दोन गोष्टी घेतो. पहिली अशी की तिथे बस हरली ती बस म्हणून नव्हे. मध्यवस्तीतले दोन-अडीच किलोमीटर तिला पूर्णपणे स्वतःचे मिळाले नाहीत, म्हणून ती हरली. रुळांना तिथे बोगदा दिला गेला. जो अडथळा बसला वर्षानुवर्षे नडला, तो रुळांसाठी पैसे ओतून दूर केला. दुसरी गोष्ट पगाराची. कॅनडात बस चालवण्याच्या खर्चात चालक-कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा वाटा सर्वांत मोठा असतो. एका चालकामागे साठ-सत्तर माणसांऐवजी तीनशे-चारशे माणसे जाऊ लागली की दर वर्षी मोठी बचत होते आणि रुळांचा अवाढव्य खर्च त्यातून हळूहळू निघू शकतो. लाइट रेलच्या बाजूचा हा सर्वांत सबळ आर्थिक युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद नाशिकला आणून ठेवला की उलटा होतो. आपल्याकडे माणसाचे श्रम स्वस्त आहेत आणि भांडवल महाग. रूळ, सिग्नल यंत्रणा आणि गाड्या यांसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते चाळीस-पन्नास चालकांच्या पगाराच्या कितीतरी पट असतात, आणि गाडी रिकामी धावली तरी ते भरावेच लागतात. ज्या देशात तरुणांना नोकऱ्या हव्या आहेत, तिथे चालकांची संख्या कमी करण्यासाठी परकीय यंत्रसामग्रीवर खर्च करणे हा उलटा व्यवहार आहे. चालकाला नीट पगार द्या, वेळेवर द्या. सिटीलिंकमध्ये ठेकेदारामार्फत नेमलेल्या वाहकांच्या थकीत वेतनावरून सेवा एकाहून अधिक वेळा ठप्प झाली आणि रोजचा प्रवासी रस्त्यावर आला. दोन हजार कोटींच्या योजनेची चर्चा करणाऱ्या शहरात महिन्याचा पगार अडावा, ही मला या सगळ्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट वाटते.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनने ओटावासारख्याच अडचणीला वेगळे उत्तर दिले. तिथेही २००० पासून बसचे स्वतंत्र रस्ते होते, तिथेही मध्यवस्तीतल्या थांब्यांवर बसची रांग लागे आणि तिथेही वेतने मोठी आहेत. त्या शहराने रूळ घातले नाहीत. जुन्या बसरस्त्यांवर चोवीस मीटर लांबीच्या, दोन सांध्यांच्या विजेच्या बस आणल्या आणि अडणाऱ्या जागी बांधकाम सुधारले. २०२५ मध्ये त्यांच्या दोन नव्या मार्गिका सुरू झाल्या. श्रीमंत शहरेही हा पर्याय निवडतात, एवढ्यासाठी हे सांगितले. मोठी बस म्हणजे गरिबाची मेट्रो, ही समजूत आपल्या धोरणकर्त्यांच्या मनातून जायला हवी.

आता घरचे अनुभव. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेवरची जलद बससेवा, प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. रस्त्यावर मार्गिका आखली गेली, पण फलाट आणि बसची पातळी जुळली नाही, तिकीट बसमध्येच काढायचे राहिले, रस्ता ओलांडण्याची सोय अपुरी होती आणि मार्गिकेत दुचाक्या व रिक्षा सर्रास शिरत. ज्या गोष्टींनी वेळ वाचतो त्याच गाळल्या, आणि लोकांच्या मनात उरली ती रस्त्याच्या मधली एक अडचण. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत दुसऱ्या पिढीचे मार्ग आले. त्यांत थांबे पुष्कळ चांगले होते आणि फरक जाणवत होता. पुढे मात्र नगर रस्त्यावरची मार्गिका वाहतूक कोंडीचे कारण देऊन मोठ्या भागात उखडली गेली. मेट्रो आली, आता बीआरटी कशाला, असाही सूर होता. जणू मेट्रोच्या स्थानकापर्यंत माणसे उडत येणार होती.

दिल्लीत याहून स्पष्ट चित्र दिसले. आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा पट्टा २००८ मध्ये सुरू झाला. बसमधला प्रवासी वेगाने जाऊ लागला आणि शेजारच्या मार्गिकेतला मोटारवाला अडकला. वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर बोलले ते मोटारवाले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली आणि मार्ग रद्द करण्यास नकार दिला. जे न्यायालयात टिकले ते राजकारणात टिकले नाही. २०१६ मध्ये तो पट्टा तोडण्यात आला. अहमदाबादची जनमार्ग ही अशीच बससेवा ऑक्टोबर २००९ पासून चालू आहे. तिच्यात उणिवा आहेत, पण ती उभी राहिली, कारण तिच्या आखणीत पहिल्यापासून थांबे, तिकीट आणि मार्गिका यांचा एकत्र विचार झाला आणि शासन तिच्या पाठीशी उभे राहिले. या तीन शहरांत वाहन एकाच जातीचे होते. निकाल वेगवेगळे लागले ते जागेवरच्या हक्कामुळे.

म्हणूनच खांबांवरच्या बसची कल्पना नेत्यांना आवडते. खांब उभारले की रस्त्यावरची एकही मार्गिका कुणाकडून काढून घ्यावी लागत नाही, मोटारवाला रागावत नाही आणि कंत्राटही मोठे निघते. पण प्रवाशाच्या बाजूने पाहा. थांबा जमिनीपासून दोन मजले वर गेला. सातपूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेल्या कामगाराने जिना चढायचा. डोक्यावर भाजीची पाटी असलेल्या बाईने चढायचा. गुडघे दुखणाऱ्या आजींनी बंद पडलेल्या लिफ्टसमोर उभे राहायचे. शहरातला पुष्कळसा प्रवास चार-पाच किलोमीटरचा असतो. त्यात चढण्या-उतरण्यात आणि रस्ता ओलांडण्यात सहा-सात मिनिटे गेली की बसने वाचवलेला वेळ तिथेच संपतो. एवढ्याशा अंतरासाठी माणूस मग दुचाकी काढतो. नाशिकमध्ये तो ती आजही काढतोच आहे. शिवाय खांबांच्या वरचा रस्ता एकदा बांधला की बदलता येत नाही. थांबा शंभर मीटर पुढे न्यायचा झाला तरी पुन्हा कोट्यवधी रुपये.

याउलट जमिनीवरच्या राखीव मार्गिकेचा एक मोठा गुण असा की बस तिच्यातून बाहेर पडू शकते. चीनमधल्या ग्वांगजौ शहराने २०१० मध्ये साडेबावीस किलोमीटरचा बसमार्ग सुरू केला आणि वेगवेगळ्या वस्त्यांतून येणाऱ्या अनेक मार्गांच्या बसना त्यात शिरायची आणि निघायची मुभा दिली. प्रवाशाला वाहन बदलावे लागत नाही. मधल्या गर्दीच्या भागात सगळ्या बस वेगाने जातात आणि मग आपापल्या वस्तीत शिरतात. तिथे तासाला एका दिशेने पंचवीस हजारांहून अधिक माणसे जातात. मार्गातून बाहेर पडून वस्तीत शिरणे लाइट रेलला कधीच जमत नाही. रूळ जिथे संपतात तिथे तिचा प्रवास संपतो. अंबडची औद्योगिक वसाहत, सिडकोतल्या गल्ल्या, पंचवटीतले जुने भाग, देवळालीचे टोक, अशा विखुरलेल्या शहराला जोडण्यासाठी रुळांपेक्षा बसची ही लवचीकता कितीतरी मोलाची आहे.

यावर आक्षेप येतो की नाशिकचे रस्ते अरुंद आहेत, मार्गिका काढणार कुठून. जुन्या गावठाणात हे खरे आहे. रविवार कारंजा किंवा मेन रोडला बससाठी वेगळी मार्गिका मागणे वेडेपणाचे ठरेल. तिथे दुसरे उपाय आहेत. एखादा रस्ता ठरावीक वेळी फक्त बस आणि पायी चालणाऱ्यांसाठी ठेवता येतो. जाण्याचा एक आणि येण्याचा दुसरा, अशी जोडी करता येते. चौकात बस आली की सिग्नल आधी हिरवा करता येतो. आणि जिथे खरेच अडते, द्वारकासारख्या एखाद्या चौकात, तिथे फक्त तेवढ्यापुरता उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग बससाठी बांधावा. पण द्वारका ते नाशिकरोड हा पुणे रस्त्याचा पट्टा शहरातल्या इतर रस्त्यांच्या मानाने रुंद आहे. तिथे जागा नाही असे म्हणणे म्हणजे ती जागा आज कुणाच्या ताब्यात आहे, हे न पाहणे होय. कडेला उभी केलेली वाहने हलवली तर कित्येक ठिकाणी मार्गिका निघेल. एका मोटारीत बहुतेक वेळा एक किंवा दोन माणसे असतात. साठ जोडबस तासाला सात हजार माणसे नेऊ शकतात. एवढीच माणसे मोटारींनी न्यायची म्हटली तर चार-पाच हजार मोटारी लागतील, आणि एका मार्गिकेतून तासाला तेवढ्या मोटारी जाऊच शकत नाहीत. मार्गिका बसला दिल्याने रस्ता कमी होत नाही. त्याच रस्त्यावरून जास्त माणसे जाऊ लागतात.

मोठ्या बसच्या बाजूने बोलताना एक सावधगिरी मात्र पाळायला हवी. मोठी बस म्हणजे चांगली बस, असे सरसकट समीकरण नाही. मागणी कमी असलेल्या मार्गावर दोन छोट्या बसऐवजी एक मोठी बस सोडली की प्रवाशाला दहाऐवजी वीस मिनिटे थांबावे लागते, आणि उन्हात उभे राहण्याइतका राग माणसाला दुसऱ्या कशाचाच येत नाही. पैसे वाचवण्यासाठी फेऱ्या कमी करून मोठ्या बस आणणे हा प्रवाशांवर अन्याय आहे. बारा मीटरची बस दर दोन-तीन मिनिटांनी भरून धावू लागली, एकामागे एक तीन बस येऊन मग पंधरा मिनिटे एकही नाही असे होऊ लागले, की तिथे जोडबस आणावी. थांब्यावर उशिरा पोहोचलेल्या बसला जास्त गर्दी मिळते, म्हणून तिला आणखी उशीर होतो आणि मागची बस रिकामी तिला गाठते. थोड्या पण मोठ्या, चार दारांच्या बस या साखळीला बऱ्याच अंशी तोडतात. डबल डेकरवर माझे प्रेम आहे. मुंबईतली शेवटची डिझेल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली तेव्हा कित्येकांसारखे मलाही वाईट वाटले. पण भरगर्दीच्या मार्गावर ती योग्य नाही. वरच्या मजल्यावरून उतरायला वेळ लागतो आणि तो वेळ खाली थांबलेल्या सगळ्यांचा जातो. नितीन गडकरी नागपूरच्या रिंग रोडसाठी मोठ्या इलेक्ट्रिक बसची कल्पना मांडत आहेत, तीही तपासताना प्रश्न आसनांचा आणि सोयींचा आधी विचारू नये. दारे किती, फलाट कसा आणि मार्गिका आहे की नाही, हे आधी विचारावे.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. या निमित्ताने नाशिकमध्ये रस्त्यांवर मोठा पैसा खर्च होतो आहे, रस्ते रुंद होत आहेत, चौक बदलत आहेत. पर्वणीच्या दिवशी लाखो माणसे बसनेच हलवावी लागतात, हे शासनाला ठाऊक आहे. त्या दिवसांपुरते रस्ते बससाठी मोकळे करताही येतात, म्हणजे ते अशक्य नाही. मग द्वारका ते नाशिकरोड हा एक पट्टा कायमचा द्यावा. काँक्रीटची मार्गिका, बसच्या पातळीचे फलाट, बाहेरच काढायचे तिकीट, घुसखोरी करणाऱ्यांवर कॅमेऱ्याने दंड आणि अठरा मीटरच्या विजेच्या जोडबस. तारा लावायच्या तर जमिनीवरच्या मार्गिकेवरही लावता येतात. त्याला ३३ किलोमीटरचे खांब लागत नाहीत आणि दिल्लीच्या मंजुरीसाठी वर्षानुवर्षे थांबावेही लागत नाही. तीन वर्षे चालवून पाहावे. प्रवासी वाढले आणि आठ हजारांची रेषा ओलांडू लागले, तर त्याच जागेत रूळ घालता येतील, कारण जागा तोवर सार्वजनिक वाहतुकीची झालेली असेल.

महापालिका किंवा प्राधिकरण जेव्हा एखाद्या रस्त्याच्या रुंदीकरणाचा आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला करते, तेव्हा फार थोडे लोक लिहितात, आणि लिहितात ते बहुधा आपल्या दुकानापुढच्या पार्किंगसाठी. तुमच्या शहरात असा आराखडा निघाला की एक अर्ज जरूर द्या: वाढीव रुंदीतली एक मार्गिका प्रत्येक दिशेला बससाठी राखीव दाखवावी, ती नकाशावर आखावी आणि तिच्या रक्षणाची जबाबदारी कुणाची, तेही त्यात लिहावे.